ओढीची वाट

कोल्हापुरात ज्याचे बालपण गेले त्याला सायकल कोणी शिकवावी लागत नाही. ती तो भाड्याने आणतो आणि पडून पडून शिकतो. आमच्या लहानपणी पेठेच्या कोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दुकानदार वहीत नाव आणि वेळ मांडून घेई, आणि घड्याळाचा काटा जसजसा पुढे सरके तसतसे आमचे पाय जोरात फिरू लागत. सीटवर बसण्याइतकी उंची कोणाला होती! नळीखालून पाय घालायचा, अंग तिरके करायचे आणि अर्धे पायडल मारीत रंकाळ्याला एक फेरी घालायची, एवढाच आमचा पराक्रम. दिवाळीच्या सुट्टीत मात्र खिशात चार पैसे खुळखुळत असत आणि फराळाने अंगात बळ आलेले असे. मग शिवाजी पूल ओलांडून थेट प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत मजल जाई. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पंचगंगेचे पात्र. पाणी आपली वाट नेहमी सखल जमिनीतून काढते. त्यामुळे त्याच्या कडेने जाणाऱ्याला दम लागत नाही. पन्हाळ्याच्या चढाला सायकल हातात धरून चालावी लागते, पण नदीकाठी ती आपोआपच पळते, हा भूगोलाचा पहिला धडा आम्ही असा पायांनी शिकलो.

काठाकाठाने सायकल हाकण्याच्या या सुखाचे जगात एक मोठे माहेर आहे. ते म्हणजे फ्रान्सचा उत्तर भाग. तेथे डोंगर नाहीत. मंद उताराची शेते, बीट आणि गहू, विटांची घरे, उंच निमुळत्या झाडांच्या रांगा, आणि त्या सगळ्यांतून शांतपणे गेलेले कालवे. या कालव्यांच्या कडेने आज युरोपभरचे लोक, म्हातारेकोतारे आणि पोरेबाळे धरून, सायकलीवर बिऱ्हाड बांधून हिंडतात. या दिवाळीत वाचकांना डबलसीट घेऊन त्या वाटेने न्यावे असा माझा बेत आहे. सफर कागदावरची आहे, तेव्हा भाड्याची चिंता नको. एक सूचना मात्र आधीच करून ठेवतो. ही वाट दिसते सौम्य. पण तिचा इतिहास सौम्य नाही.

प्रथम वाटेकडेच नीट पाहू. कालव्याच्या अगदी कडेने, पाण्यापासून हात-दोन हात अंतरावर, सरळ आणि सपाट अशी ती जाते. ती सायकलवाल्यांसाठी बांधलेली नव्हती. तिचे फ्रेंच नाव शब्दशः सांगायचे तर 'ओढण्याची वाट' असे आहे. कालव्याच्या पाण्याला प्रवाह जवळजवळ नसतो आणि वाऱ्याचा भरवसा नाही. मग मालाने लादलेली नाव पुढे सरकायची कशी? तर दोर बांधून काठावरून ओढायची. त्या ओढणाऱ्यांच्या पायांसाठी ही वाट.

फ्रान्समध्ये कालव्यांचे वेड जुने आहे. १६४२ साली ब्रियारचा कालवा पुरा होऊन लुआर व सेन या दोन नद्या जोडल्या गेल्या. एका नदीच्या खोऱ्यातून मधला उंचवटा चढून दुसऱ्या खोऱ्यात नाव उतरवायची, म्हणजे पाण्याला जिना बांधायचा. हा जिना कसा असतो ते कोल्हापूरकराला समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या मधल्या खाचांत लाकडी बरगे बसवतात. बरगे घातले की मागे पाणी चढते, काढले की उतरते. अशी दोन दारे थोड्या अंतरावर एकामागे एक उभी आहेत आणि नाव त्यांच्यामध्ये कोंडली आहे, अशी कल्पना करा. वरच्या बाजूने पाणी आत सोडले की नाव वर चढते, खालच्या बाजूने सोडून दिले की उतरते. यालाच लॉक म्हणतात. प्रत्येक लॉकशेजारी राखणदाराचे एक लहानसे घर असे. आज सायकलवाले ज्या टुमदार घरांची छायाचित्रे काढतात ती बहुधा हीच.

उत्तरेकडे या कामाला खरा जोर आला तो कोळशामुळे आणि पॅरिसच्या भुकेमुळे. सँ काँताँच्या कालव्याचे उद्घाटन १८१० साली खुद्द नेपोलियनने आपल्या नव्या राणीला बरोबर घेऊन केले. त्या कालव्यावर रिकवाल येथे टेकडीच्या पोटातून ५,६७० मीटर लांबीचा बोगदा आहे. पन्हाळ्याचा तीन दरवाजा ज्याने पाहिला आहे त्याला दगडातल्या अंधाराची कल्पना असते. पण येथे साडेपाच किलोमीटरांहून अधिक अंतर काळोखातून नाव न्यायची! सोम नदीच्या कडेचा कालवा १७७० च्या सुमारास सुरू झाला आणि १८४३ मध्ये पुरा झाला. म्हणजे राज्यक्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला, राजे परत आले, आणि कालवा खणणे चालूच होते. पुढे १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने कायदा करून लॉकचे माप ठरवून टाकले : लांबी सुमारे ३९ मीटर, रुंदी ५ मीटरांच्या थोडी वर. त्या मापात बसेल अशीच नाव सगळीकडे बांधली जाऊ लागली. सुमारे तीनशे टन माल तिच्या पोटात मावे आणि नावाड्याचे सारे कुटुंब तिच्या शेपटाकडच्या लहानशा खोलीत राही.

तीनशे टन! आणि हे ओढायचे कोणी? ज्याची ऐपत असे तो घोडे भाड्याने घेई. ज्याची नसे तो स्वतः ओढी. छातीवरून आडवा कापडी पट्टा घ्यायचा, त्याला दोर जोडायचा आणि पुढे वाकून एकेक पाऊल टाकीत चालायचे. नवरा सुकाणूवर असला तर बायको दोराला. बायको चुलीपाशी असली तर मुले दोराला. विसावे शतक उजाडले तरी ही दृश्ये तेथे दिसत होती, आणि त्या काळच्या चित्र-पोस्टकार्डांवरही ती छापलेली आहेत. पुढे काठाने रूळ टाकून विजेची इंजिने नावा ओढू लागली, मग नावेतच मोटार बसली आणि दोर सुटला. पण आपल्याकडच्या वाचकाने रहाटाचा बैल किंवा उसाच्या गाडीचा चढ आठवावा, म्हणजे या वाटेचे नाव काय मोलाचे आहे ते उमजेल. आपल्या मराठीत ओढ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ या वाटेने शंभर-दोनशे वर्षे सोसला. दुसरा अर्थ तिला फार उशिरा लाभला.

तो दुसरा अर्थ घेऊन आली ती सायकल. तिचा जन्मही फ्रान्समधलाच म्हणायचा. १८६० नंतर पॅरिसमध्ये मिशो नावाच्या कारागिराच्या कारखान्यातून पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. धावा लोखंडी, रस्ते दगडी. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. तरी लोकांना वेड लागले. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ अशी १२३ किलोमीटरांची शर्यतही झाली. पण पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, कारखाने थंडावले आणि सायकलीचे पुढारपण इंग्लंडकडे गेले.

हे १८७० साल कोल्हापूरच्या इतिहासातही दुःखाचे आहे. त्या वर्षी आमचे तरुण राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास करून युरोपमार्गे परतत होते. इटलीत फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांना मृत्यूने गाठले. आर्नो नदीच्या काठी संगमावर त्यांचे दहन झाले आणि तेथे उभारलेली त्यांची छत्री आजही आहे. युरोपातील नदीकाठ कोल्हापूरकराला परका नाही, तो असा.

सायकलीकडे परत येऊ. इंग्लंडमध्ये १८८५ साली दोन सारख्या चाकांची, साखळीची गाडी आली. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव काढली. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी ती सहज काढता-घालता येईल अशी केली. पंक्चरची पेटी आता कोणालाही बरोबर नेता येऊ लागली. १८९३ साली फ्रेंच सरकारने सायकलीवर कर बसवला. आमच्याकडे नगरपालिकेचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, तसा पुढे तेथेही पत्र्याचा बिल्ला आला. ज्या वस्तूवर सरकार कर बसवते ती घरोघरी पोचली असे खुशाल समजावे.

उत्तरेच्या गिरणी कामगारांनी आणि खाणकामगारांनी तर सायकल आपलीच मानली. रूबे हे कापडगिरण्यांचे गाव. तेथल्या दोघा गिरणीमालकांच्या पुढाकाराने १८९६ साली पॅरिस ते रूबे ही शर्यत सुरू झाली. पुढच्या दोन वर्षी ती जिंकली मोरिस गारँ या माणसाने. हा इटलीच्या डोंगरात जन्मलेला, लहानपणी धुराडी साफ करण्याच्या कामावर आलेला. १९०३ साली पहिली 'तूर द फ्रान्स' शर्यत झाली, २,४२८ किलोमीटरांची. तिचाही पहिला विजेता तोच. ६० जण निघाले, २१ जण पोचले. धुराडी साफ करणारा पोरगा साऱ्या देशाचा लाडका झाला, ही गोष्ट खाणीतून काळवंडून घरी येणाऱ्या बापांनी आपल्या मुलांना किती वेळा सांगितली असेल! रविवारी तेच लोक सायकली घेऊन कालव्यावर येत. मासे धरायचे, भाकरीचा तुकडा खायचा आणि दिवेलागणीला परतायचे.

आणि मग १९१४ आले.

आता सायकल जरा हळू घ्यायची, कारण या वळणावर आपली माणसे भेटतात. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेची पहिली तुकडी मार्सेय बंदरात उतरली. ऑक्टोबर सरता सरता लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनांचे लोक उत्तरेत, बेतून आणि ला बासेच्या परिसरात खंदकांत उभे होते. जिव्हाँशी, फेस्त्युबेर, नव शापेल ही तेथली गावांची नावे. त्यांच्या दक्षिणेला ला बासेचा कालवा. उन्हाळी कपड्यांत आलेली ती माणसे. पायाखाली चिखल, समोर तोफा आणि पुढे हिवाळा.

मराठ्यांच्या पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात गेल्या आणि तेथे कूतच्या वेढ्यात त्यांचे फार हाल झाले, ही कथा निराळी. पण फ्रान्समध्येही मराठी माणूस होता. पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या तेथे गेल्या होत्या. सॅपर्समध्ये शीख, मुसलमान आणि मराठे असत. पूल बांधणे, सुरुंग लावणे, खंदक खणणे हे त्यांचे काम. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी मात्र त्यांना शीख पलटणीच्या बरोबरीने संगिनी घेऊन नव शापेल गावावर चालून जावे लागले. घराघरांतून लढाई झाली. गाव हाती आले, पण मागून कुमक न आल्यामुळे सोडून द्यावे लागले. दोन्ही कंपन्यांचे सारे गोरे अधिकारी ठार किंवा जखमी झाले आणि शिपाई तर किती तरी पडले. पुढे १० मार्च १९१५ रोजी त्याच गावासाठी पुन्हा मोठी लढाई झाली आणि तीत हिंदी पलटणी आघाडीवर होत्या.

त्या शिपायांनी घरी धाडलेली पत्रे सेन्सॉरने भाषांतर करून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला वाचायला मिळतात. त्यांत मरणाचे सावट तर आहेच. पण शेतकऱ्याचा डोळा तेथेही मिटलेला नाही. फ्रेंच शेते कशी राखलेली आहेत, पुरुष लढाईवर गेल्यावर बाया नांगर कसा चालवतात, घरधनीण आपल्याला आईसारखे कसे वागवते, असे कौतुक त्यांत ठायी ठायी येते.

१९१५ च्या अखेरीस बहुतेक हिंदी पायदळ मेसोपोटेमियाकडे गेले. घोडदळ मात्र १९१८ च्या वसंत ऋतूपर्यंत फ्रान्समध्येच राहिले. त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जुलै १९१६, सोमची लढाई चालू. फ्रिकूर आणि मामेत्स या गावांच्या रस्त्यावरचा एक चौक. आणि त्या चौकात फेटे बांधलेले हिंदी शिपाई, हातात सायकली घेऊन थांबलेले. त्याच महिन्यात, १४ तारखेला, जवळच्याच रणात दख्खन हॉर्सचे स्वार भाले सरसावून उभ्या पिकातून दौडत गेले होते. या रिसाल्यात दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट होते. एकीकडे भाला, एकीकडे सायकल! त्या छायाचित्रातल्या माणसांची नावे लिहून ठेवलेली नाहीत. उत्तर फ्रान्सच्या त्या वाटांवर सायकल चालवणारे पहिले हिंदी प्रवासी कोण, असे मला कोणी विचारले तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन. हौसेने मात्र ते तेथे आले नव्हते.

युद्ध सरता सरता कालवेच रणभूमी झाले. रिकवालच्या बोगद्यात जर्मनांनी आपले सैन्य दडवले होते. २९ सप्टेंबर १९१८ रोजी ब्रिटिश सैनिकांनी त्या कालव्याचे खोल पात्र ओलांडून जर्मनांची फळी फोडली. ४ नोव्हेंबर रोजी ऑर्स गावी असाच एक कालवा ओलांडताना विल्फ्रेड ओवेन हा तरुण इंग्रज कवी पडला. त्यानंतर सातच दिवसांनी युद्ध थांबले. १९०९ सालची तूर द फ्रान्स जिंकणारा फ्रांस्वा फाबेर हा धिप्पाड गडीही १९१५ साली याच उत्तरेत, आर्त्वा प्रांतात, मारला गेला. १९१९ साली शर्यत पुन्हा भरवावी म्हणून आयोजक रूबेची वाट पाहायला निघाले. त्यांना काय दिसले? झाड नाही, घर नाही, नुसते खड्डे आणि चिखल. पॅरिस-रूबेच्या वाटेला 'उत्तरेचा नरक' हे नाव त्या दिवसांत पडले. आज लोक समजतात की तेथल्या ओबडधोबड दगडी रस्त्यांमुळे ते पडले असावे.

नव शापेलला ला बासेच्या रस्त्यावर हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वर्तुळाकार भिंत, जाळीचे नक्षीकाम, मधोमध कमळ कोरलेला उंच स्तंभ. ज्यांची थडगी वा राख सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे भिंतीवर आहेत आणि त्यांत खडकीच्या सॅपर्सचीही नावे आहेत. सायकलवाल्याने तेथे जरूर उतरावे. आपल्याकडेही सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांतून चावडीपाशी किंवा देवळापाशी एखादी संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. एक पाटी येथे आणि एक भिंत तेथे, अशी ही दोन टोके आहेत. मधली सात समुद्रांपलीकडची वाट ज्यांनी तुडवली ते सांगायला उरले नाहीत.

आता पुन्हा पायडलला जोर देऊ, कारण पुढचा रस्ता उजेडाचा आहे. जून १९३६ मध्ये लेऑं ब्लुमच्या सरकारने कायदा केला की प्रत्येक कामगाराला वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजा मिळालीच पाहिजे. ज्यांनी जन्मात रविवारखेरीज सुट्टी पाहिली नव्हती त्यांच्या हातात एकदम पंधरा दिवस आले! रेल्वेने त्यांना सवलतीची तिकिटे दिली. पण अनेकांनी सायकलच काढली. नवराबायकोंनी जोडसायकल घेतली, मागे तंबू बांधला, पुढे टोपलीत मूल ठेवले आणि ती मंडळी निघाली. ज्या वाटेवर त्यांच्या आज्या छातीला पट्टा लावून वाकून चालल्या होत्या, त्याच वाटेने नातवंडे वारा खात चालली. ओढीच्या वाटेला आपला दुसरा अर्थ मिळाला तो असा, पगारी रजेच्या कायद्याने.

आजचे काय? ला बासेचा कालवा रुंद करून मोठ्या बोटींच्या जलमार्गात घेतला आहे. लहान कालव्यांवरची वाहतूक कमी झाली. पण त्यांच्या काठच्या वाटा बुजू न देता नीट करून सायकलींना मोकळ्या केल्या आहेत. सोमच्या काठाने आमियाँवरून थेट समुद्रापर्यंत जाता येते. आमियाँला १२२० साली बांधायला घेतलेले प्रचंड कॅथेड्रल आहे आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याने वेढलेले भाजीमळे, जेथे माळी होडीतून वाफ्यावर जातो. लाँसच्या बाजूला खाणीतून उपसलेल्या मातीचे काळे डोंगर उभे आहेत. युनेस्कोने २०१२ साली त्या साऱ्या खाणपट्ट्याला जागतिक वारशाचा मान दिला. कष्टाच्या ढिगाऱ्यालाही वारसा म्हणायला मोठे मन लागते.

आपल्या पंचगंगेच्या काठाने अशी सलग वाट नाही. पण पाण्याशी झटणारी माणसे आहेत. पावसाळा सरला की, याच दिवाळीच्या सुमारास, बंधाऱ्यांवर बरगे घालण्याचे काम निघते. गार पाण्यात उभे राहून माणसे एकेक बरगा खाचेत बसवतात, फटी बुजवतात, आणि त्या अडलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात आपला ऊस उभा राहतो. राजाराम बंधाऱ्यावरून सायकल नेताना हे कोणाच्या ध्यानात येते? माझ्याही आले नव्हते. फ्रान्समधल्या त्या वाटेचे नाव मला कळले, त्यानंतर एका सकाळी मी बंधाऱ्यावर सायकल लावली आणि बरगे घालणाऱ्यांचे काम संपेपर्यंत पाहत उभा राहिलो. सुट्टीत नातवाला घेऊन गेलो तर त्यालाही तेथे उतरवणार आहे. संगमावर तो जाईलच, आधी हे पाहू दे.

पण उतरा आता, वाचकहो. तास भरत आला. दुकानदार वही उघडून बसला असेल, आणि घरी चकल्यांचा दुसरा घाणा निघाला असेल.